पाडा शाळेत राहायला आला तेव्हा

पूर ओसरला की आधी चिखल उरतो, मग कागद आणि शेवटी किस्से. चिखल आम्ही फावड्यानं काढला. कागद तालुक्याला पाठवले. किस्से कुठं पाठवायचे ते कोणी सांगितलंच नाही, त्यामुळे ते माझ्याकडेच साठलेत. चहाला दोन माणसं जमली की एक निघतो, आणि एक निघाला की मागून ओळच लागते!

मी तळोद्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी एका शाळेत मास्तर आहे. त्या पावसाळ्यात आधी वादळ आलं, मग नाल्याला पूर. नाल्याकाठचा अख्खा पाडा माझ्या चार वर्गांत राहायला आला. त्यांचं जेवणखाण, औषधं, कपडे बघायला आम्ही तिघं: मी, उपकेंद्रातल्या कल्पना सिस्टर आणि शहाद्याचा जीपवाला हिरालाल. तिघांनाही अनुभव शून्य. उत्साह मात्र भयंकर!

*

पहिली मदत आली प्रकाशा गावाहून. तिथल्या एका गुजर काकांची केळीची बाग वादळानं आडवी केली होती. काका स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत काठोकाठ कच्ची केळी.

"मास्तर, बाग तर गयी," काका म्हणाले. "आते केया तरी कोनाना पोटमा जाऊ द्या!"

ज्याचं गेलं तोच वाटायला आला होता.

पण मग सुरू झालं! सकाळी केळ्याची भाजी, संध्याकाळी केळ्याचे काप, दुसऱ्या दिवशी केळ्याची आमटी. पाड्यातली म्हातारी सायबाई सगळ्यांचा स्वयंपाक बघायची. चौथ्या दिवशी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"गुरुजी, त्या काकांच्या शेजारी कोणाचं मिरचीचं शेत नाही का पडलं?"

*

एकदा शहरातून एक मॅडम आल्या. पूरग्रस्तांच्या मनावर झालेला आघात समजून घ्यायचा होता त्यांना. वही-पेन घेऊन त्या सायबाईसमोर बसल्या आणि अगदी हळुवार आवाजात म्हणाल्या, "आजी, तुमच्या मनात आत्ता नेमकी कोणती भावना आहे?"

सायबाईला शाळेतलं मराठी येतं, पण इतकं नाही! मला भिली येते, पण तीही इतकी नाही. मी भिंतीवरच्या बाराखडीकडे बघायला लागलो. हिरालाल मात्र पुढं सरसावला. "मी सांगस ना!" म्हणाला. बाजाराच्या जीपा हाकून हाकून त्याला भिली तोंडपाठ.

त्यानं विचारलं. सायबाई बोलायला लागली. पाच मिनिटं बोलत होती. मध्येच आभाळाकडे हात केले, मध्येच कपाळाला लावले, एकदा पदरानं डोळेही पुसले. बघता बघता मॅडमचेही डोळे भरले.

"काय म्हणाल्या त्या?"

हिरालाल म्हणाला, "मीठ सरी गये!"

मॅडमनी तरीही अर्धं पान लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या गाडीनं मिठाचं पोतंही पाठवलं, हे मात्र सांगायलाच पाहिजे.

*

कपड्यांचा ट्रक आला तेव्हा गठ्ठे सोडायला सिस्टर बसल्या. पोरांचे स्वेटर निघाले, साड्या निघाल्या, आणि एका गठ्ठ्यातून निघाली नवरदेवाची शेरवानी! सोनेरी बटणं, गळ्यापाशी जर. ती कोणी घेईना. शेवटी खात्र्यादादानं घेतली. पासष्टीचा उंच, सडसडीत माणूस. अंगावरचा एकुलता एक शर्ट फाटलेला. शेरवानी त्याला अशी बसली की शिंप्यानं मापच घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी पाहणीला मोठे पाहुणे आले. गाडीतून उतरले आणि इकडंतिकडं न बघता थेट शेरवानीपाशी गेले. दोन्ही हात जोडले. "नमस्कार! आपण कधी आलात?"

खात्र्यादादानंही हात जोडले.

"आठ दिवस झाले. वाहत आलो!"

*

मग पंचनामा. पडलेल्या घरासमोर घरमालकाला उभं करून फोटो काढायचा, असा नियम. सायबाईच्या घराच्या जागी नुसती गुळगुळीत वाळू उरली होती. चूल नाही, खांब नाही, कौल नाही. फोटो काढणाऱ्या तलाठी भाऊसाहेबांनी तिला वाळूवर उभं केलं. मोबाईल आडवा धरला, उभा धरला, चार पावलं मागं गेले.

"आजी, फोटोत घर दिसत नाही हो!"

सायबाईनं मान वळवून मागं बघितलं.

"मलाही नाही दिसत, साहेब!"

भाऊसाहेबांनी मोबाईल खाली घेतला. मग तिच्या डाव्या हाताला सरकून म्हणाले, "बरं, दार कुठं होतं ते दाखवा. तिथं उभ्या राहा." ती उभी राहिली. अगदी दारात उभी राहावी तशी.

*

आणि वेस्ता.

पूर आला त्या सकाळी सगळा पाडा बाहेर पडला, एकटा वेस्ता सापडेना. वेस्ता म्हणजे खात्र्यादादाचा शेजारी. दोघांच्या बांधावर एक मोहाचं झाड. त्याची फुलं कोणाची यावरून भांडण झालं आणि तेव्हापासून नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एका वर्गात झोपायची वेळ आली असती तर मध्ये फळा लावावा लागला असता!

पाणी इतकं जोरात होतं की पलीकडं पाड्यावर जाणं शक्यच नव्हतं. हिरालालनं दोनदा जीप घातली आणि दोनदा दोरानं ओढून काढावी लागली. खात्र्यादादा दोन दिवस काठावरून हलला नाही. मी भाकरी घेऊन गेलो.

"दादा, दोन घास खा."

"माझी कोंबडी हरवलीय," तो नाल्याकडे बघत म्हणाला. "तिला शोधतोय."

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. आम्ही कमरेएवढ्या चिखलातून पलीकडं गेलो. त्याच मोहावर, वरच्या बेचक्यात वेस्ता बसला होता. काकडलेला, ओठ काळेनिळे, आणि काखेत खात्र्यादादाची कोंबडी!

खात्र्यादादा सगळ्यांच्या आधी झाडाखाली पोचला. त्यानंच वेस्ताला खांद्यावर घेऊन उतरवलं. उतरवलं, पण त्याचा दंड काही सोडला नाही.

सिस्टरनी नाडी धरली. "दोन दिवस पोटात काहीच नाही?"

वेस्तानं मान खाली घातली. मग माझ्याकडे बघितलं. खात्र्यादादा त्याला अगदी चिकटून उभा होता.

"गुरुजी, याला सांगा, काल याच्या कोंबडीनं अंडं दिलं. ते मी खाल्लं."

मी वळलो आणि सांगितलं. "दादा, काल तुमच्या कोंबडीनं अंडं दिलं. ते यानं खाल्लं."

खात्र्यादादानं वेस्ताचा दंड आणखी घट्ट धरला.

"गुरुजी, त्याला विचारा," तो म्हणाला, "एकच दिलं का?"