आगुस्तीन सरांची मोकळी जागा

सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लॅबमध्ये त्यांच्याच नावाची चिठ्ठी रिकाम्या नळीवर चिकटवत होतो. दुसऱ्या दिवशी मंगळवार, म्हणजे उमेळ्याला त्यांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचा दिवस. त्यांचा पुतण्या सायकल भिंतीला टेकवून दारात उभा राहिला, म्हणाला, "काका गेले." ती नळी मी तशीच स्टँडमध्ये ठेवली.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आगुस्तीन सर आम्हाला नववीत रसायन शिकवायचे. मी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. एकदा त्यांनी घासलेटच्या बाटलीतून सोडियमचा हरभऱ्याएवढा तुकडा काढून परातीत टाकला, तो तडतडत पाण्यावर धावला आणि मी ओरडलो, "सर, पानी पेटला!" वर्ग हसला, सर नाही. ते म्हणाले, "बघितलंस ते बरोबर बघितलंस. आता सांग, पोटॅशियम टाकलं तर?" शाळेत पोटॅशियम नव्हतंच. त्यांनी स्वतः रंगवलेल्या मूलद्रव्यांच्या कापडी तक्त्यावर बोट ठेवलं... लिथियम, त्याखाली सोडियम, त्याखाली पोटॅशियम. "खाली उतरावं तसं अणूचं घर मोठं होतं. शेवटच्या खोलीतल्या पोरावर, म्हणजे इलेक्ट्रॉनवर, आईचा धाक राहत नाही, ते चटकन पळतं. वरचे दोघे कळले की तिसरा न बघता सांगता येतो." त्या तक्त्यात काही चौकोन कोरे होते. का, विचारल्यावर म्हणाले, "खात्री नाही तिथे जागा मोकळी सोडायची. खोटं भरायचं नाही." त्यांच्यामुळेच मी लॅबच्या कामाला लागलो, हे मी लोकांना कौतुकाने सांगायचो. आता सांगताना जीभ अडखळते.

दीड वर्षापूर्वी सरांच्या किडन्या थकल्या. रक्तातलं पोटॅशियम वाढू लागलं. ते फार वाढलं की हृदय थांबतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. डॉक्टरांनी पहिलं काय बंद केलं असेल, तर पोटॅशियमने भरलेली केळी! ज्या माणसाच्या अंगणात राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातलेली, ज्याच्या घरची ती सुकेळी नाताळला गावभर वाटली जायची, त्याला. सर हसले. "एवढा तापट गडी हा पोटॅशियम, पण रक्तात पेटत नाही रे. इलेक्ट्रॉन देऊन कधीच शांत झालाय. मारतो तो शांतपणे."

दर मंगळवारी मी रक्त घ्यायचो आणि मागच्या तपासणीचा आकडा सांगायचो. ते तो वहीत लिहायचे. आकडा चढतच होता. रक्त शुद्ध करायचं यंत्र मुंबईत, तिथे नंबर लागत नव्हता. मी दोनदा जाऊन हात जोडून आलो... काही झालं नाही.

शेवटच्या मंगळवारी सरांनी विचारलं, "किती?" त्यांच्यामागे बाय, म्हणजे त्यांची बायको, पदराचं टोक मुठीत धरून माझ्याकडे बघत होती. खरा आकडा आजवरचा सगळ्यात मोठा होता. मी जरा कमी करून सांगितला. म्हटलं, "उतरलंय, सर."

सरांनी वहीत तारीख लिहिली, माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. "बरं," म्हणाले. "बाय, मग सुकेळी काढ." मी अडवलं नाही. बायने वाळलेल्या पानात बांधलेली पुडी सोडली. त्यांनी एक सुकेळं घेतलं, अर्धं मोडून माझ्या हातावर ठेवलं आणि उरलेलं डोळे मिटून सावकाश खाल्लं. सहाव्या दिवशी ते गेले.

डॉक्टर म्हणतात, त्या अर्ध्या सुकेळ्याने काही फरक पडला नसता. पडला नसेल. पण मी खोटं बोललो ते कुणाशी? खोटं भरायचं नाही म्हणणाऱ्याशी.

महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेनंतर, मी उमेळ्याला गेलो. बायने माझा हात धरला. "तू उतरलंय म्हणालास, म्हणून शेवटी गोड खाऊन गेले रे ते. तुझे उपकार." मला खरं सांगता आलं नाही, अजूनही येत नाही. निघताना तिने सरांची वही दिली, "तुझेच आकडे आहेत, तूच ठेव."

वही आता माझ्या टेबलावर असते. तारखांची उभी रांग, शेजारी आकडे, प्रत्येक वरच्यापेक्षा मोठा. शेवटच्या मंगळवारची तारीख सरांनी लिहिली आहे, सरळ, ठसठशीत. शेजारी मी सांगितलेला आकडा नाही. जागा मोकळी सोडली आहे.

खरा आकडा मला पाठ आहे. रोज पेन उघडतो आणि बंद करतो.