ज्याची फेरी, त्याचा वाघ

आमच्या चोरखमारा गेटवरच्या टपरीत गोष्ट कधी संपत नाही. दुसऱ्या कपासोबत ती जरा मोठी होऊन परत येते. वाघाची लांबी सांगताना गाइड लोक शेपूट धरूनच सांगतात, तसंच आमच्या लंकेच्या सहलीचं झालं आहे. सहल सहा दिवसांची, पण किस्से अजून पुरून राहिलेत! आज देवचंद आणि कल्पना दोघंही फेरीवर गेलेत, म्हणून शेवटचा किस्साही सांगून टाकतो. तो त्यांच्यासमोर सांगता येत नाही.

आधी माणसं ऐका. मी नागझिऱ्यातला जिप्सी ड्रायव्हर. देवचंद गाइड, तोंडाचा फटकळ. कल्पना आमच्या गेटवरची पहिली बाई गाइड, बारावी पास, इंग्रजीची भिस्त तिच्यावरच. आणि श्यामराव, आमच्यात सगळ्यात जुना गाइड. नागपूरचे एक ट्रॅव्हल्सवाले साहेब दरवर्षी आमच्याकडे यायचे. व्याघ्र प्रकल्प झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते म्हणाले, "जंगल तर बंदच आहे. लंकेत पर्यटन कसं चालतं ते बघून या, खर्च माझा." धानाची रोवणी आटपली आणि आम्ही चौघं निघालो.

आता आमची रीत सांगतो. गाइड जंगलात ओरडत नाही. श्यामराव माझ्या डाव्या हाताला बसायचा आणि माझ्या खांद्यावरून गाडी चालवायचा. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे हळू पुढे. आणि पंजा दाबून धरला, की समजायचं, वाघ! दुसरी रीत गेटची. एखादा गाइड दुसऱ्याच्या फेरीत नुसता बसायला गेला, तर त्यानं गप्प बसायचं. जनावर दिसलं तरी दाखवायचं नाही. ज्याची फेरी, त्याचा वाघ.

* * *

निघायच्या आधी उन्हाळ्यात एक झालं. एका बाईंना श्यामरावनं चार तास जंगल दाखवलं. रानगवा दाखवला, अस्वलानं फोडलेलं वारूळ दाखवलं, घुबडाची पिल्लं दाखवली. गेटवर उतरल्या उतरल्या बाईंनी फोन लावला, "कुछ नहीं दिखा!"

श्यामरावनं त्या दिवशी डबा उघडला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "मले एकदा मागच्या सीटवर बसाचं हाय गा. लहानपनी मायनं चंद्र दाखवला होता. त्याच्यानंतर मले कोनी काईच नाही दाखवलं. म्याच दाखवून राहिलो."

लंकेला तो एवढ्यासाठी निघाला होता. आम्हाला विमानाचं कौतुक, याला मागच्या सीटचं!

* * *

पहिला मुक्काम कँडी. तिथं बुद्धाचा दात जपून ठेवलेलं, दंतधातूचं मंदिर आहे. कल्पनाचं घर बौद्ध, तिच्या आईनं पांढरं लुगडं देऊन बजावलं होतं, "तिथं माहं नाव घेजो."

उत्सवाचे दिवस होते. उचललेला पाय खाली ठेवायला जागा नव्हती! श्यामरावच्या पुढे पांढऱ्या कपड्यातला एक आडवा माणूस. मागून रेटा आला आणि श्यामरावनं सवयीनं त्याच्या खांद्यावर एक थाप मारली.

माणूस जागच्या जागी थांबला. त्याच्यामुळे त्याच्या मागची अख्खी रांग थांबली!

श्यामराव घाबरला. त्यानं दोन थापा दिल्या. माणूस हळू हळू पुढे सरकला. असं चारदा झालं. शेवटी त्या गृहस्थानं मागे वळून श्यामरावला हात जोडले. मंदिराचा कोणी मोठा व्यवस्थापक समजला असावा.

देवचंद म्हणाला, "श्यामराव, तुले तर इथं बिनडिझेलची जिप्सी भेटली बाप्पा!"

कल्पनाला गाभाऱ्याच्या दारासमोर जेमतेम दोन सेकंद मिळाले. बाहेर आली ती डोळे पुसत.

"मायचं नाव घेतलं का वो?" मी विचारलं.

"घेतलं," ती म्हणाली. "माहंच राहून गेलं!"

* * *

हॉटेलात सकाळी नाश्त्याला ही रांग! सगळ्यांत पुढे देवचंद. भाताच्या भांड्यापाशी तो थांबला तो थांबलाच. एक शीत बोटावर घेऊन त्यानं उजेडात धरलं, दाबून पाहिलं, मग दुसरं घेतलं. मागे गोरे लोक प्लेटा घेऊन उभे.

"काऊन थांबला गा?" मी मागून विचारलं.

"थांब ना! हे धान आपल्याकडं येईल का, पाहून राहिलो."

मागच्या एका गोऱ्या बाईनंही एक शीत उचलून उजेडात धरलं. तिनं त्यात काय पाहिलं, देव जाणे.

* * *

मग सिगिरियाचा खडक. उभ्या कड्याला लोखंडी जिना, आणि जिन्यावर माणसाला माणूस चिकटलेला. सेल्फी, हाका, पोरांची रडारड, सगळं एकदम चाललेलं. अर्ध्या वाटेवर देवचंदनं वर पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. कड्याला आग्या मोहोळ लटकत होतं! खाली पाटीही होती, शांत राहा म्हणून. वाचतो कोण?

देवचंदला लहानपणी नवेगावच्या तलावावर आग्या मोहोळानं फोडून काढलेलं. तो तिथंच पायरीवर बसला आणि डोक्यावरून गमछा ओढून गुडघ्यात मान घातली.

त्याच्या मागच्या साहेबानं वर पाहिलं, मोहोळ पाहिलं, देवचंदला पाहिलं, आणि टोपी कानापर्यंत ओढून तोही बसला. मग त्याच्या मागची बाई ओढणी घेऊन बसली. बघता बघता जिना बसला! एवढी माणसं, पण चिडीचूप.

कल्पना कुजबुजली, "आपल्या गेटवर पंधरा वर्षं सांगून राहिलो, 'कल्ला नका करू'. गमछा घेऊन बसाले पायजे होतं!"

* * *

समुद्र आम्ही चौघांनी पहिल्यांदाच पाहिला. सूर्य बुडायची वेळ, किनाऱ्यावर जत्रा भरलेली, सगळे फोन समुद्राकडे.

देवचंद बराच वेळ डोळ्यांवर हात धरून उभा होता. त्याचं सगळं आयुष्य नवेगावच्या तलावाकाठी गेलेलं. शेवटी म्हणाला, "पानी तर लय हाय. पन याचा बांध कुठी हाय?"

हसून हसून मी वळलो, तर श्यामराव समुद्राकडे पाठ करून उभा! तो लोकांची तोंडं बघत होता.

"अरे, सूर्य तिकडे आहे!"

"हो गा," तो ओशाळून म्हणाला. "सवय हाय. लोक खुश हायेत का नाही, तेच पाहत राहिलो."

वळला तोवर सूर्य गेला होता. मला वाईट वाटलं. हा माणूस मागच्या सीटवर बसला, तरी मागेच बघणार!

* * *

शेवटच्या दिवशी जंगल. तिथलं, बिबट्यांसाठी नावाजलेलं. गेटवर जीपच जीप! देवचंद पन्नासपर्यंत मोजत गेला आणि मग त्यानं नाद सोडला.

आमचा गाइड, तोच ड्रायव्हर, चाळिशीचा, पोट सुटलेला, चेहऱ्यावर काळजी. त्याचं नाव सुनील! देवचंद खुश. "म्हंजे आपल्या तिरोड्याचाच समजा!"

श्यामराव नवा शर्ट घालून सगळ्यात मागे बसला. मी त्याच्या बाजूला. पुढच्या सीटवर देवचंद आणि कल्पना.

दहा मिनिटांत सुनीलचा फोन वाजला. बिबट्या खडकावर! सगळ्या जीपा एकदम पळाल्या आणि एकाच वळणावर अडकल्या. धूळ, हॉर्न, बोंबाबोंब. आमच्या पुढे सतरा जीपा. खडक दिसला, पण बिबट्या केव्हाच निघून गेला होता.

सुनील घामाघूम. "सॉरी सर, सॉरी मॅडम." त्यानं जीप मागे घेतली आणि एका रिकाम्या तळ्याकडे नेली. तिथं कोणीच नव्हतं. तो एकदम उभा राहिला. "सर! पीकॉक!"

मोर! आमच्याकडे मोर अंगणात येऊन कोंबड्यांचे दाणे खातो. देवचंदनं तोंड उघडलं, तोच श्यामरावनं मागून त्याला चिमटा काढला.

"किधर? किधर?" श्यामराव विचारत होता. "अरे वा!"

मग सुनीलला जोर चढला. त्यानं चितळ दाखवलं. "अरे वा!" माकड दाखवलं. "अरे वा!" रानडुक्कर दाखवलं. ज्या जातीनं याचं दोनदा धान लोळवलं, त्या डुकराचा श्यामरावनं फोटो काढायला लावला! सुनील डुकराबद्दल इंग्रजीत सांगत होता, कल्पना मराठीत सांगत होती, आणि हा शाळेतल्या पोरासारखा मान डोलवत ऐकत होता. इतका खुश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर सुनीलनं झुडपात मुंगूस दाखवलं. इंजिन धडधडत होतं. सगळ्यांच्या माना पुढे. श्यामराव मात्र सवयीप्रमाणे मागे वळला. लोक खुश आहेत का, बघायला.

पण तो शेवटच्या सीटवर होता. त्याच्या मागे लोक नव्हते. नुसता रस्ता होता.

माझ्या खांद्यावर पंजा पडला. आणि दाबून राहिला.

मी हळूच वळलो. वीस पावलांवर, आमच्या चाकांच्या खुणांवर, बिबट्या बसला होता. आरामात, पंजा चाटत. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं. मग उठला, आळस दिला आणि पल्याडच्या झुडपात गेला.

मी श्यामरावकडे पाहिलं. तो पुढे वळून सुनीलला म्हणत होता, "अरे वा! मुंगूस!"

गेटवर सुनील उतरला तो मान खाली घालूनच. "सॉरी सर. नो लेपर्ड. नथिंग."

श्यामरावनं त्याचे दोन्ही हात धरले. "किसने बोला कुछ नहीं दिखा? आपने बहुत दिखाया, भाई. सब दिखाया." कल्पनानं ते इंग्रजीत सांगितलं. सुनीलनं श्यामरावचे हात बराच वेळ सोडले नाहीत.

गाडीत बसल्यावर देवचंद उखडला. "समुद्र ओलांडून आलो अन् मोर पाह्यला! मुंगूस पाह्यलं! काईच नाही दिसलं!"

मला राहवेना. मी त्याच्याकडे वळलो आणि तोंड उघडलं.

खांद्यावर एक थाप पडली.