खुल्या जागेवरचा सत्तावीस नंबर

बायकोला नाही, भावाला नाही, आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुकुंदवाडीच्या पलीकडच्या त्या लेआउटचे मी दोन नकाशे काढले होते. एक मंजुरीसाठी, एक गिऱ्हाइकाला दाखवायला. पहिल्यात कोपऱ्यातली जागा बागेसाठी खुली सोडलेली. दुसऱ्यात तिथंच चार प्लॉट.

मी तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. त्या जमिनीच्या मालकांना आम्ही शेठ म्हणायचो. ते खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "बाग कोण बघायला येतंय? पब्लिकला घर पाहिजे. मार रेघा."

मी मारल्या. कागदावर मारल्या आणि शेतातही. आमच्याकडं प्लॉट दाखवायचा म्हणजे आधी पांढऱ्या फक्कीनं चौकट आखायची आणि गिऱ्हाइकाला तिच्यात उभं करायचं. माणूस एकदा आत उभा राहिला की दार कुठं, मोरी कुठं, हे आपणहूनच बोलायला लागतो. मग कागदाचं फारसं कोणी विचारत नाही.

एका मावशींनी मात्र विचारलं. दवाखान्यात आया होत्या. सत्तावीस नंबरच्या चौकटीत चपला बाहेर काढून शिरल्या आणि म्हणाल्या, "साहेब, यात काय लफडं तर नाय ना?"

"मावशी, नकाशा मीच काढलाय."

खोटं बोललो नाही, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

त्यांनी दोन खोल्या बांधल्या, गच्चीवर पंचशील ध्वज लावला. गेल्या वर्षी घर नियमित करून घ्यायला अर्ज केला, तेव्हा मंजूर नकाशात त्यांचं घर बागेत निघालं. पाडण्याची नोटीस आली. पत्ता शोधत त्या माझ्याकडं आल्या. माझ्यावर संशय नव्हता. सरकारी ऑफिसातच कागदांची अदलाबदल झाली असेल, असं त्यांना वाटत होतं. "तुम्ही नुसतं सोबत या. जाणता माणूस बाजूला असला की बरं असतं."

सुनावणीत अधिकाऱ्यानं शांतपणे समजावलं. दुसरा नकाशा जमिनीच्या मूळ मालकानं मुद्दाम काढायला लावला हे कोणी लेखी दिलं, तर जबाबदारी मालकावर येईल, मावशींना बदली जागा मागता येईल. नाहीतर अतिक्रमण त्यांचं. मग मावशींकडची प्रत त्यानं माझ्यापुढं सरकवली. "हे काम तुमचं?"

अक्षर माझं होतं. उत्तर दिशेचा बाण मी नेहमी जरा जाड काढतो, तोही तसाच होता.

"आठवत नाही," मी म्हणालो.

शेठचं काम आजही माझ्याकडं येतं. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. त्या खुर्चीत बसलेलो असताना ही कारणं मोठी वाटली. आता लिहायला घेतली तर एका ओळीत संपली.

बाहेर आल्यावर मावशीच म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब. एवढे नकाशे काढता, एक कुठं ध्यानात राहतंय." थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "मला मात्र तो दिवस लई ध्यानात हाय. तुम्ही उन्हात उभे होता, मी तुम्हाला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं होतं."

तो टोमणा होता का, मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमत नाही.

पुढच्या महिन्यात शेवटची सुनावणी आहे. दोन्ही नकाशे मी काढले, शेठच्या सांगण्यावरून आणि सगळं समजून काढले, एवढं कागदावर लिहून, खाली सही करून मावशींच्या हातात द्यायचं माझ्याकडं बाकी आहे.