तोंडावरचा पदर

"पदर तोंडावर घे," नर्स म्हणाली. मी घेतला. आमच्याकडं तपासणीच्या टेबलावर बाई असंच करते. लुगडं वर, पदर तोंडावर. तोंड झाकलं की लाज झाकली, असं आम्हीच मानत आलो.

बारामतीची गोष्ट, नव्वद सालानंतरची. बाळंतपणाचा महिना सरायच्या आत मी उसाच्या मोळ्या उचलल्या. तेव्हापासून अंग बाहेर यायचं, गर्भपिशवी खाली उतरायची. धड बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. गावात तपासणीचं शिबिर भरलं, तिथं मोठे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन फुकट करतो. देव भेटल्यासारखं वाटलं मला. आमच्या सणसरहून नणंदेला सोबत घेऊन बारामतीच्या दवाखान्यात आले.

पदराआड पडले होते, तर पुष्कळ पावलं आत आली. परदेशातल्या डॉक्टरणी. आपापल्या गरीब देशांसाठी बायकांचे आजार शिकायला आलेल्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. मोठे डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. एक हात आला. मग दुसरा. मग आणखी. बाजारात म्हैस बघतानासुद्धा आधी तिच्या पाठीवरून हात फिरवतात.

"दुखतंय ओ," मी म्हणाले.

डॉक्टर मराठीत बोलले. "फुकटात पाहिजे ना? मग गप पडून राहा."

मी पदर काढला. काळ्या-सावळ्या, माझ्यासारख्याच बाया. एकीनं मान खाली घातली. माझं डोकं भणभणलं. या हेच शिकून जाणार? तिकडच्या बायांनाही असंच गप पाडणार?

उठून बसले. लुगडं खाली ओढलं. "शिका की. आमी कुठं न्हाय म्हणतोय? पण आधी मला इचारा. माझ्या तोंडाकडं बघून इचारा."

"हिचं नाव यादीतून काढा," डॉक्टर नर्सला म्हणाले.

नणंद दारातून ओरडली, "वयनी, पाय धरा त्येंचं! घरी काय सांगू मी?"

नाही धरले. ऑपरेशन झालं नाही. एसटीत सणसरपर्यंत उभीच आले. रडले, पण रागानं रडले.

अंग अजून बाहेर येतं. रोज दुखतं. तरी आळीतली कुणी बाई दवाखान्यात निघाली की मी बरोबर जाते. टेबलाशी, तिच्या उशाला उभी राहते. तिचा हात पदराकडं गेला की धरते. "तोंड उघडं ठेव," सांगते. डॉक्टर कितीही मोठा असू दे. तिच्या तोंडाकडं बघून विचारल्याशिवाय मी त्याला हात लावू देणार नाही.