लाल शाईतलं नाव

रविवारी फोनवर तू मला विचारलंस, "आजी, तुझ्या शाळेत ट्रान्सजेंडर मुलं होती का?" तुझ्या वर्गात कुणीतरी नवीन नाव घेतलं होतं आणि बाईंनी ते सगळ्यांना सांगितलं होतं, त्यावरून विषय निघाला होता. मी पटकन "छे, आमच्याकडे नव्हतं असं काही" म्हणाले आणि फोन तुमच्या आजोबांच्या हातात दिला. बोलणं संपल्यावर ते मला म्हणाले, "काहून खोटं बोलली वं पोरीपाशी?"

खोटं बोलायचं नव्हतं. फोनवर एका वाक्यात सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहून पाठवते आहे. धाकट्याला वाचून दाखव, त्याला माझं अक्षर लागत नाही.

रायपुरातल्या एका खासगी शाळेत मी इंग्रजी शिकवत असे, हे तुम्हाला माहीत आहे. शाळा दहावीपर्यंतची. माझं अक्षर बरं आणि कागद हरवायची सवय नाही, त्यामुळे रजिस्टरं, दाखले, बोर्डाचे फॉर्म ही कामंही हळूहळू माझ्याच टेबलावर आली. हजेरीच्या रजिस्टरात मुलग्यांची नावं निळ्या शाईनं आणि मुलींची लाल शाईनं लिहायची पद्धत होती. आधी मुलगे, मग एक ओळ सोडून मुली. सकाळच्या प्रार्थनेच्या रांगाही तशाच. दर वर्षी शाळा उघडली की मी एक निळं आणि एक लाल अशी दोन नवी पेनं घेऊन बसायची. ते रजिस्टर पाहायला दुसऱ्या वर्गांच्या बाई येत, आणि मला ते आवडायचं.

नववीत एक विद्यार्थिनी होती. आज मी तिला विद्यार्थिनी म्हणते, तेव्हा ती माझ्या निळ्या शाईत होती. वडील उरला या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमध्ये पाळीवर, आई घरी शिलाई करायची. मूळचे भंडाऱ्याकडचे. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी वर्गातच नावं उतरवत होते, तेव्हा ती टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मैडम, मेरा नाम लाल से लिख देंगे?"

मी म्हटलं, "लाल से लड़कियों का लिखते हैं."

"हाँ मैडम," ती म्हणाली.

पहिल्या बाकावरच्यांनी ते ऐकलं आणि वर्ग हसला. मीही हसले. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मला वाटलं, थट्टा करून राहिलं आहे पोरगं. "जा, जागेवर बस," म्हटलं आणि नाव निळ्या शाईनं लिहिलं.

वर्षभर मग काही झालं नाही, निदान मला दिसलं नाही. दहावीत गेल्यावर एका सकाळी ती प्रार्थनेला मुलींच्या रांगेत उभी होती. पुढची मुलगी जरा पुढे सरकली होती, मागची जरा मागे, म्हणजे जागा आधीच ठरलेली असावी. रांगांची जबाबदारी माझी. मी गेले, तिचा कोपर धरला आणि तिला मुलग्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं. मुलग्यांनी तिच्यासाठी गरजेपेक्षा जास्त जागा केली. मागून कुणीतरी टाळी वाजवली, ती तशी टाळी, आणि तीन-चार जण खुदखुदले. मी टाळीवाल्याला शोधून दिवसभर उभं केलं. माझ्या हिशेबी विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी निळ्या नावापुढे रोज "अ" लिहीत गेले. पंधरा दिवसांनी तिची आई ऑफिसात आली.

"टी.सी. देऊन टाका मॅडम."

"दहावीच्या मध्यात? आता बोर्डाचा फॉर्म भरायचा आहे. काहून?"

"येतच नाही म्हणते. बापानं मारून पाह्यलं, मी हात जोडून पाह्यले. माह्यासंग शिलाई करीन म्हणते."

मी टी.सी.चं पुस्तक काढलं. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. वर्तणूक : उत्तम. पुढचा रकाना होता शाळा सोडण्याचं कारण. तिथे आम्ही बहुतेक वेळा "पालकांची इच्छा" असं लिहीत असू. समोर बसलेल्या पालकाची तर काही इच्छा दिसत नव्हती. मी विचारलं, "इथे काय लिहू?"

"तुमीच लिहा मॅडम. तुमाले माहीत आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अशा वेळी काय लिहितात ते मला माहीत असेल, एवढाच तिचा अर्थ. पण खरं कारण मला माहीत होतंच, आणि ते माझ्याच खुर्चीवर पेन घेऊन बसलं होतं. मी पेनाला टोपण लावलं. "उद्या या," म्हटलं, "आज शिक्का नाही." शिक्का समोरच्या ड्रॉवरमध्ये होता.

घरी जेवताना मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू तं दूधवाल्याच्या कार्डावरबी एक खाना रिकामा ठेवू देत नाहीस. आज सोडून आली?" थोड्या वेळानं ताट बाजूला सारून त्यांनी विचारलं, "घर माहीत आहे त्याईचं?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही स्कूटरवर गेलो. उरल्याच्या बाजूला ट्रकांची धूळ इतकी की माझी पांढरी साडी पोचेपर्यंत राखाडी झाली होती. दारात पडदा, आत मशीन, आणि मशीनवर ती ब्लाउजला काज करत बसलेली. मला पाहून उभी राहिली. काय बोलायचं ते मी वाटेत इंग्रजीत जुळवलं होतं. तोंडातून आलं ते मराठी. "त्या दिवशी मी तुझा हात धरून तुला ओढलं. माझं चुकलं."

तिची आई चहा गाळता गाळता थांबली. मुलगी मशीनकडे बघत म्हणाली, "ज़ोर से नहीं पकड़ा था मैडम."

मला यापेक्षा रागाचं उत्तर सोपं गेलं असतं. मी पर्समधून डायरी काढली, कारण मला तेच येतं, आणि विचारलं, "परत यायचं तर काय काय व्हायला हवं?"

मुलग्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही, हे पहिलं. दुसरं बाथरूम. शाळेत जावं लागू नये म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नसे. तिसरं ती सांगेना. आईनं सांगितलं. "बोर्डाच्या पेपरले दारावर तपासतात ना मॅडम. पोट्ट्याईले सर लोक, पोट्ट्याईंच्या खिशात, कमरेले हात घालून. त्याच्यानं भेते. पेपर देईन म्हणते, पण ते नाही सहन होत म्हणते."

तेवढ्यात वडील पाळीवरून आले. दारातच उभे राहिले. "मॅडम, तुमी आज आल्या, बरं वाटलं. पण उद्या लोक हासतीन तं मी कोणाकोणाचं तोंड बंद करू?"

उत्तर आजोबांनी दिलं. "हे पाहा भाऊ, दहावी नसली तं जन्मभर हासतीन. शाळेत हासले तं मार्चपर्यंतच. मी म्हणतो, स्वस्तात पडते."

वडील हसले नाहीत, पण आत आले आणि बसले.

आमचे प्राचार्य सज्जन होते आणि घाबरट होते. मी त्यांच्यासमोर इंग्रजीत टाइप केलेलं दोन पानी पत्र ठेवलं. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झालेला आहे, शाळेनं भेदभाव करायचा नाही, आणि आपण काय काय करू शकतो, असं क्रमानं. इंग्रजीत टाइप केलेला कागद आमच्या ऑफिसातून कधी तसाच परत गेल्याचं मला आठवत नाही. त्यांनी दोनदा वाचलं. "पालक लोग आएँगे मैडम."

"आने दीजिए. मेरे पास भेजिए."

त्यांनी सही केली. प्रार्थनेच्या रांगा मुलगे-मुली अशा न लावता उंचीप्रमाणे लावायच्या ठरल्या. ऑफिसाशेजारच्या छोट्या बाथरूमची किल्ली शाळेतल्या आयाबाईंकडे ठेवली. त्यांना मी लांबलचक समजावायला गेले, तर म्हणाल्या, "हव मैडम, समझ गई. माँगना नहीं पड़ेगा, बस मेरी तरफ देख ले." पालक दोन आले. एक चहा पिऊन गेले, दुसरे न पिता गेले. उंचीच्या रांगांवरून मात्र खरं भांडण झालं, कारण दहावीतला सर्वांत दांडगा मुलगा उंचीला सर्वांत कमी निघाला आणि रोज सगळ्या शाळेच्या पुढे उभा राहू लागला.

ती सोमवारी आली. मी निळं नाव एका रेघेनं खोडून बाजूला प्राचार्यांची सही घेतली होती, आणि मुलींच्या यादीच्या शेवटी, तिनं सांगितलेलं नाव लाल शाईनं लिहिलं होतं. हजेरी घेताना शेवटी ते नाव आलं. पुकारलं. ती म्हणाली, "यस मैडम." वर्गात काहीच झालं नाही. पुढच्या बाकावरच्या एकीला मी नंतर विचारलं, तर ती म्हणाली, "मैडम, हम तो आठवीं से इसी नाम से बुलाते हैं." म्हणजे वर्गात शेवटी कळलेली मीच.

राहिला कागद. ट्रान्सजेंडर म्हणून ओळखीचं सरकारी प्रमाणपत्र मिळालं तर प्रवेशपत्रावर योग्य नाव येईल, असं मी वाचलं होतं. एवढी मोठी राजधानी बांधली आहे तर काम तिथेच होणार असं धरून मी आई आणि मुलीला घेऊन थेट नवा रायपूर गाठलं. मंत्रालयाच्या दारावरच्या शिपायानं फार अदबीनं सांगितलं, "माताजी, ये तो कलेक्टर ऑफिस का काम है, शहर में." म्हणजे जिथून बस पकडली होती, तिथून दहा मिनिटांवर. परतीच्या बसची वाट पाहत आम्ही त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर दीड तास बसलो. आई मला हसू नये म्हणून पदर तोंडावर धरून होती. मुलीनं माझी पाण्याची बाटली मागितली आणि पूर्ण संपवली. मग म्हणाली, "मैडम, आपसे भी गलती होती है, ये क्लास में बता दूँ?" मी म्हटलं, "परीक्षेनंतर."

अर्ज कलेक्टर कचेरीत दिला, पण परीक्षेआधी प्रमाणपत्र आलं नाही. प्रवेशपत्र जुन्या नावानं आलं, त्यावर "पुरुष" छापलेलं, आणि केंद्र दुसऱ्या शाळेत. तिथे आमच्या प्राचार्यांचं काही चालणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हात लगाया तो मैं वापस आ जाऊँगी मैडम. आप डाँटना मत." मी म्हटलं, नाही रागावणार.

मग मी फाइल बनवली. प्राचार्यांचं पत्र, अर्जाची पोच, कायद्याची प्रत, आईचं संमतिपत्र, माझं ओळखपत्र, सगळ्याच्या तीन तीन प्रती, वर अनुक्रमणिका. केंद्राध्यक्षांना आदल्या दिवशी भेटायला गेले, ते मीटिंगला गेलेले. चिठ्ठी ठेवली. मिळाली की नाही कळलं नाही.

पहिल्या पेपरला मी तासभर आधी गेटवर होते. मुलग्यांची तपासणी उघड्यावर, दोन शिक्षक करत होते. मुलींची पडद्यामागे, एक बाई करत होत्या. ती सलवार-कुर्त्यात, वेणी घालून, हातात पारदर्शक पाऊच. दोन रांगांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उघडत पुढे झाले आणि त्या बाईंना म्हटलं, "मैडम, एक मिनट, इनका प्रवेशपत्र देखिए, पर पहले ये पत्र..."

बाई माझ्याच वयाच्या. चष्मा नाकावर, कपाळावर घाम. त्यांनी प्रवेशपत्र पाहिलं, त्यावरचा फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं. फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "हाँ, चिट्ठी मिली थी," म्हणाल्या. मग तिला, "पाउच दिखा. बस. जा बेटा, कमरा नंबर चार, देर मत कर."

कुणी हात लावला नाही. ती आत गेली. मी गेटबाहेर एका छोट्या पुलाच्या कठड्यावर बसले, फाइल मांडीवर. मला हसू येत होतं. इतकी चांगली अनुक्रमणिका मी आयुष्यात केली नव्हती, आणि ती कुणी वाचली नाही. बाकीच्या पेपरांनाही ती फाइल घेऊन गेले. एकदाही उघडावी लागली नाही. ती अजून कपाटात आहे, तुम्ही आलात की दाखवीन.

निकालानंतर ती एकटीच शाळेत आली. मधल्या काळात प्रमाणपत्र आलं होतं, ते प्लास्टिकमध्ये घालून आणलं होतं. गुणपत्रिकेवरचं नाव बदलायला पुढे वर्ष लागलं, पण तो दिवस चांगला होता. दुसऱ्या शाळेत अकरावीला प्रवेश घ्यायचा होता. "मैडम, टी.सी. चाहिए."

मी पुस्तक काढलं. मागच्या वर्षीचं अर्धवट पान मी रद्द करून ठेवलं होतं, ते मी उलटताना तिनं पाहिलं. नव्या पानावर तिचं नाव लिहिलं, वर्तणूक उत्तम लिहिली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : दहावी उत्तीर्ण, पुढील शिक्षणासाठी. ती टेबलापलीकडून उलटं वाचत होती.

"मैडम, इसमें लाल नहीं चलता?"

"नहीं. इसमें सबका काला."

"ठीक है," ती म्हणाली.

मी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला आणि मारला. शाई ओली होती, म्हणून दोघी थोडा वेळ पंख्याखाली तो कागद धरून उभ्या राहिलो.