गोलसमोरची पंगत

आंबलेल्या वरणाचा वास आला की मला लातूरचं आमचं मैदान आठवतं. मी सोळा वर्षांची होते. दक्षिण आशियातल्या मुलींच्या फुटबॉल स्पर्धेत देशाची गोलकीपर म्हणून खेळून परतले, तर वॉर्डातल्या पुढाऱ्यानं आमच्याच मैदानावर माझा सत्कार ठेवला. मंडप नेमका माझ्या गोलसमोर ठोकला. दोन तास भाषणं झाली, त्यात फुटबॉल कुठं आलाच नाही. मग शाल, नारळ आणि जेवणाच्या पंगती. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला आलो, तर मंडप गेलेला, पण पहारीनं पाडलेले खड्डे तसेच, चिकट पत्रावळ्यांचा खच, भातावर घोंघावणाऱ्या माशा आणि मधोमध आरामात खात बसलेलं कुत्रं. मला तिथंच अंग टाकून चेंडू अडवायचे होते. आमच्या कोच मॅडमनी मंडपवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मंडप उचलायचं ठरलं होतं मॅडम, उष्टं न्हाई." कालची शाल माझ्या बॅगेतच होती. ती मी जमिनीवर पसरली आणि त्यात पत्रावळ्या टाकायला लागले. मॅडम म्हणाल्या, "अगं, सत्काराची शाल हाय ती." मी म्हणाले, "हाव, अन् ही घाण बी सत्काराचीच हाय." त्यांनी वाकून शालीचं दुसरं टोक धरलं. आता सत्काराचं आमंत्रण घेऊन कुणी आलं, की चहाआधी मी एकच विचारते, मंडप कुठं घालणार?