विहाराचं तखत

डॉक्टर म्हणाले, "झोळ पडलेल्या खाटेवर नाही, सरळ लाकडावर झोपवा." आमच्या घरात लाकूड होतं ते चुलीत घालायपुरतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचे हे वाडीला एका गोदामात हमाली करायचे. तिथे पोत्यांची थप्पी कोसळली ती यांच्या पाठीवर. पायांत जीव होता, जोर नव्हता. पावसाळाभर अजिबात हलू द्यायचं नाही, पाऊस सरला की उभं करून बघू, उभे राहिले तर पुढचं पुढे, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या 'तर'नं माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरात हे, मी आणि सासूबाई. यांची हमाली गेली तर माझ्या विड्या वळण्यावर चूल पेटायची होती.

आमच्या वस्तीत रुंद, सपाट, सागवानी म्हणावी अशी वस्तू एकच होती, ती म्हणजे विहाराचं तखत. विहार तरी काय, टिनाची एक खोली, वस्तीनंच उभी केलेली. आत मूर्ती आणि मूर्तीपुढे हे तखत. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथे रोज संध्याकाळी बायांचं ग्रंथवाचन चालायचं. वाचणारीनं तखतावर बसायचं, बाकीच्यांनी खाली. गल्लीतल्या बायांमध्ये सातवी पास झालेली मी एकटी, म्हणून वाचणारी मीच. सुरू झालेलं वाचन पौर्णिमेपर्यंत खंडू द्यायचं नाही हा नियम, आणि त्या नियमाची राखणदार मोठीमाय.

मोठीमाय तिला सारी गल्लीच म्हणायची. काटकुळी, तरुणपणीच विधवा झालेली, शब्दाची फार कडक. वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा सासूबाईंनी देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं विहिरीत सोडले होते. तरी मोठीमाय येऊन आमच्या ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून बघून गेली, एखादा देव लपवून ठेवला नाही ना म्हणून. सासूबाई ते कधीच विसरल्या नाहीत. लोक संकट आलं की देव पाण्यात घालतात, आपण आधीच घालून मोकळे झालो, असं त्या हसून म्हणायच्या. पण कणगीचं निघालं की त्यांचं हसू जायचं.

यांना घरी आणलं त्याच संध्याकाळी चौघांच्या खांद्यावर काहीतरी आडवं आमच्या दाराकडे येताना दिसलं, आणि मी दार अडवून उंबऱ्यातच उभी राहिले. जवळ आल्यावर कळलं, ते तखत होतं. मागून मोठीमाय.

"काहून पाहून राहिली वं? जागा कर."

"अन् वाचन?" मी विचारलं.

"जिथं तखत तिथं वाचन. उद्यापासून आमी इथंच येतो."

माझं डोकंच फिरलं. मी मुळातच तोंडाळ, त्यात त्या दिवशी तर काही विचारू नका. म्हटलं, "घरात माणूस आडवा पडला अन् तुमाले वाचन सुचून राहिलं? मी नाही वाचत."

मोठीमाय शांतपणे म्हणाली, "रागानं वाच. पण वाच."

मग मी रागानंच वाचलं. ज्या तखतावर मी बसायची त्यावर हे उताणे, आणि मी खाली जमिनीवर त्यांच्या पायांशी. बाया खोलीत, ओसरीवर, उरलेल्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन गल्लीत. शब्द मी नुसते भिरकावत होते. वरून माझा जीव विड्यांत, कारण वाचायला बसलं की तेवढ्या विड्या राहायच्या. हे मी कोणाला बोलले नव्हते. पण दुसऱ्याच संध्याकाळी जी ती आपलं सूप घेऊन आली आणि माझ्या टोपलीतली पानं, तंबाखू उचलून वळायला बसली. मी घाबरून मोठीमायकडे पाहिलं, कारण विहारात तंबाखूला हात लावलेला तिला खपत नसे. तिनं माझंच सूप मांडीवर ओढलं.

"विहारात नाही चालत," ती म्हणाली. "हे काय विहार आहे?"

"तखत तं विहाराचंच आहे नं, मोठीमाय?" कोणीतरी मागून खोडी काढली.

"तू आपल्या इड्या वळ."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. अपघातानंतर आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी हसलं होतं.

त्या पावसाळ्यात मला कोणाच्या दारी काही मागायला जावं लागलं नाही. नळावरचं पाणी माझ्या आधी घरात पोचलेलं असायचं. मिलमध्ये जाणारे शेजारी पाळीवर जायच्या आधी येऊन यांना हलक्या हातानं कुशीवर वळवायचे. कोणाकडून भाकर यायची, कोणाकडून झुणका. मी मात्र तोंड वाकडं करूनच घ्यायची. माणसाला उपकारही सहजासहजी गिळवत नाहीत.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्यातून बाहेर निघायची वाट आहे, हे मी दरवर्षी वाचायची. पोपटासारखं. त्या वर्षी वाचून पान उलटलं, तर वरून आवाज आला, "ते पुन्हा वाच." हे म्हणत होते. आमचे हे कधी विहाराची पायरी न चढलेले, वाचनाच्या वेळी घरी झोपा काढणारे. मी पुन्हा वाचलं, आणि वाचता वाचता मला रडू कोसळलं. कोणी उगी उगी म्हटलं नाही. शेजारणीनं नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मोठीमाय म्हणाली, "होऊ दे. मंग वाच." त्या दिवसापासून माझा राग गेला. हे उभे राहतील की नाही ते मला अजूनही माहीत नव्हतं, पण नाही राहिले तरी मी एकटी नाही, हे कळलं. मला त्यानंच धीर आला.

आश्विनातली पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, बघा आता. दोघांनी बखोटीला धरून यांना उठवलं. गुडघे लटलट कापत होते, कपाळावर घाम. दाराची चौकट धरून हे उभे राहिले. मग काठी टेकून एक पाऊल टाकलं, मग दुसरं. सासूबाई मटकन खाली बसल्या.

पौर्णिमेला वाचनाची सांगता. विहारात खीर शिजत होती. तखत परत न्यायला माणसं आली, बायाही जमल्या. दारातून निघावं म्हणून त्यांनी तखत एका बाजूवर उभं केलं, तर खालच्या पट्टीला काळ्या दोऱ्यानं काहीतरी बांधलेलं. लाल कापडाची पुरचुंडी. कापडातून अंगारा सांडला, सुकून दगड झालेलं लिंबू दिसलं.

साऱ्यांच्या नजरा सासूबाईंकडे गेल्या. खोटं कशाला बोलू, माझीही गेली.

"माह्या लेकाची आण," सासूबाई म्हणाल्या. "म्या नाही बांधलं."

सासूबाईंची बाजू मी जन्मात घेतली नव्हती. त्या दिवशी पदर खोचून मोठीमायपुढे उभी राहिले. म्हटलं, "बांधलं असन तं असन. पोटच्या पोरासाठी बांधलं. तिले कोणी काही बोलायचं नाही."

मोठीमायनं मला हातानं बाजूला सारलं. "तिले कोण बोलून राहिलं? म्या बांधलं."

ती आमच्याशी बोलतच नव्हती, सासूबाईंकडे बघत होती.

"माहा माणूस असाच अंथरुणाले पडला होता तवा सासू म्हणे, बांध. म्या म्हटलं, आता सोडलं नं आपण ते सारं. नाही बांधलं. तो गेला. बांधून काही होत नाही, मले मालूम आहे. पण तवा बांधून पाहिलं नाही, ते राहूनच गेलं होतं वं मनात."

सासूबाई पुढे आल्या. दोरा त्यांनी दातानं तोडला, पुरचुंडी कमरेला खोचली.

"आता हे मी कणगीत ठेवतो," त्या म्हणाल्या. "अन् तू हात घालाले येजो नको."

मग त्यांनी मोठीमायचा हात धरला आणि दोघी तखताच्या मागून विहाराकडे चालू लागल्या. त्यांच्या मागे काठी टेकत हे.

त्या संध्याकाळी तखतावर बसून मी शेवटचं पान वाचलं. सासूबाई आणि मोठीमाय खाली शेजारी शेजारी बसल्या होत्या. हे विहारात पहिल्यांदाच आले होते. भिंतीला टेकून उभे होते. बायांनी जागा करून दिली, बसा, बसा म्हटलं, पण वाचन संपेपर्यंत ते काही बसले नाहीत.